डावा गाल

रविवार, दुपार

प्रिय पूनम,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. घरी सगळे बरे आहेत. तुझे बाबा गिरणीवर आहेत, आज ज्वारीची दळणं फार आली आहेत. मी अंगणवाडीत एकटी बसले आहे, रजिस्टर भरायच्या त्या बुटक्या टेबलाशी, गुडघे वर घेऊन. हे तुला फोनवर सांगायचा मी चारदा प्रयत्न केला. दर वेळी ‘जेवलीस का’ आणि ‘बाळ फिरतं का’ याच्या पुढे तोंड उघडेना. आणि तूही हल्ली दोन मिनिटांत फोन ठेवतेस. त्यात तुझी चूक नाही. आई डोहाळजेवणाला आली नाही, वर पहिलं बाळंतपण नाशिकलाच कर म्हणाली, मग कोणत्या लेकीला राग येणार नाही? मी तुला कंबरेचं कारण सांगितलं होतं. पूनम, माझ्या कंबरेला काही झालेलं नाही.

सुरुवात जूनमध्ये झाली, तू माझ्यासाठी अलीजाच्या पार्लरमध्ये पाण्याच्या मशीनचं ते फेशियल ठरवलंस तेव्हा. माझ्या डाव्या गालावरचा फिकट डाग तुला दिवाळीपासून खुपत होता. मी म्हणायचे उन्हाचा आहे, तू म्हणायचीस क्रीम लाव. डोहाळजेवणाच्या फोटोत आई छान दिसली पाहिजे, म्हणून तू अलीजाला परस्पर सांगून टाकलंस. मला आधी हसू आलं होतं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईनं नांदुऱ्यावरून दोन एसट्या बदलून खामगावला तोंड धुवायला जायचं. पण खोटं कशाला बोलू, सकाळी निघताना मी कपाटातली अबोली साडी काढली.

तुझी हॉस्टेलची अलीजा आता किती मोठी बाई झाली आहे. कापडाच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर तिचं पार्लर, आत गार हवा, पांढरे पडदे. सुटीत तुझ्यासोबत येऊन चुलीपुढे बसून माझ्या हातची कळण्याची भाकर खाणारी ती पोरगी, तीच मला मशीन समजावून सांगत होती. दळणाच्या मोठ्या डब्याएवढी ती मशीन, त्यावर दोन बरण्या. एका बरणीतलं औषधाचं पाणी पेनासारख्या नळीतून चेहऱ्यावर येतं आणि तीच नळी मळ ओढून दुसऱ्या बरणीत टाकते. दुखत नाही, नुसतं गार लागतं, असं ती म्हणाली. तिनं माझे केस पट्टीत बांधले आणि कपाळावरून नळी फिरवायला लागली. माझ्या आईनंतर माझं तोंड दुसऱ्या कुणी धुतलं नव्हतं. सुखानं डुलकीच लागायला लागली. कपाळ झालं, उजवा गाल झाला, हनुवटी झाली. मग बराच वेळ काही नाही. मशीनचा आवाज तर येत होता. मी डोळे मिटूनच म्हटलं, “अलीजा, डावी बाजू राह्यली ना बाई.”

आवाज थांबला. नंतर तिनं सांगितलं तेव्हा कळलं, ती डाव्याच गालावर होती. मी काही म्हणत नाही म्हणून तिनं नळी कानाजवळ जरा जास्तच वेळ धरली होती. तेव्हा मात्र तिनं नळी बाजूला ठेवून कापूस घेतला. मला म्हणाली, मावशी, डोळे मिटूनच ठेवा, कापूस लागला की बोट वर करा. कपाळाला लागला, मी बोट वर केलं. उजव्या गालाला, नाकाला, हनुवटीला, मी बोट वर केलं. मग पुन्हा बराच वेळ काही नाही. शेवटी तिनं मला आरसा दिला. कानापुढे, त्या फिकट डागाच्या बरोबर मध्ये, टिकलीएवढा लाल वण उमटला होता. नळीनं कातडी इतकी ओढली होती आणि मला पत्ता नव्हता.

तिनं माझा हात धरला. “मावशी, चेहरा उजळायचं काम मी करीन, पण हे माह्या हातचं काम नाही. आधी सरकारी दवाखान्यात दाखवा.” मग तिनं तिच्या नूरजहां फुफीचं, म्हणजे आत्याचं, सांगितलं. त्या बाईचा हात तव्याला भाजायचा आणि तिला कळायचं नाही. घरच्यांनी तीन वर्षं मलमं लावली. दवाखान्यात नेलं तोवर बोटं वाकली होती, ती वाकलेलीच राहिली.

तुला वाटेल आईनं तिचे आभार मानले असतील. मी रागानं उठले, पूनम. तोंड पुसलं, पदर डोक्यावरून गालापर्यंत ओढला आणि मिळाली ती एसटी धरली. बाबांना सांगितलं, लाइट गेली, फेशियल अर्धंच राहिलं.

खरी लाज पुढेच आहे. अलीजानं नाव घेतलं नव्हतं, पण नाव मला माहीत होतं. दर वर्षी तपासणीची मोहीम येते तेव्हा मातांच्या बैठकीत कागद कोण वाचतं? मीच. न दुखणारा, न खाजणारा, फिकट, बधिर डाग, लवकर आला तर पूर्ण बरा होतो, औषध फुकट आहे. पंधरा वर्षं वाचते आहे. गेल्या वेळी आपल्या गावची आशा कार्यकर्ती गीताबाई घरोघरी विचारत आली, ओट्यावर उभं राहून मला म्हणाली, काही डाग-बिग? मी वर न बघता नाही म्हटलं आणि तिनं तसं लिहून घेतलं. जे शंभर बायकांना बिनघोर सांगितलं, ते आपल्या गालावर आलं तेव्हा मी आठ दिवस आरशाकडे पाठ करून वेणी घातली.

नवव्या दिवशी मंगळवार होता, अलीजाचं पार्लर बंद असतं. ती सकाळच्या एसटीनं आपल्या दारात. बाबांना वाटलं, तुझ्याबद्दल गप्पा मारायला आली आहे. ती स्वयंपाकघरात येऊन बसली, चहा घेतला आणि हळूच म्हणाली, “पूनमले मी एक शब्द सांगितला नाही. पण आज तुम्ही माह्यासंगं नाही आल्या, तं सांगीन.” गेले मी. ती माझ्यासोबत आपल्या तालुक्याच्या, जळगावच्या सरकारी दवाखान्यात ओळीत उभी राहिली.

डॉक्टर तुझ्याच वयाची मुलगी होती. तिनं कापूस लावला, पेनाचं टोक लावलं, कानाखाली मानेवर बोटं फिरवून शीर चाचपली, डोळे घट्ट मिटायला लावले, हातांची बोटं दाबायला लावली. मग म्हणाली, कुष्ठरोग आहे, अगदी सुरुवातीचा. सर्दी-पडसं म्हणावं तसं म्हणाली. सहा महिने, गोळ्यांची सहा पाकिटं, मग बरा. बधिरपणा किती जाईल ते आत्ता सांगता येणार नाही, पण डोळा आणि हातपाय शाबूत आहेत आणि शाबूत राहतील. कुठून आला असेल असं मी विचारलं, तर म्हणाली, ते शोधत बसण्यात अर्थ नाही. मग मी एकच गोष्ट विचारली. माझी लेक पाचव्या महिन्यात आहे, तिचं बाळ मी मांडीवर घेऊ शकेन का? तिनं पाण्याचा ग्लास पुढे केला, पहिली गोळी माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, “ही घ्या. आणि बाळ खुशाल घ्या, तोवर तुमची निम्मी पाकिटं संपलेली असतील.”

हे तिनं सांगितलं, आणि तरीही मी तुला बाळंतपणाला इकडे नको म्हटलं. डोक्याला पटलं होतं, हाताला पटलं नव्हतं. घरात मी माझी कपबशी वेगळी केली. अंगणवाडीत कुणी पोर पायाला बिलगलं की मी काहीतरी उचलायच्या निमित्तानं बाजूला व्हायची. वजन करताना पोरांना मदतनीस उचलायची, मी नुसता आकडा वाचायची. आणि तुझ्या सासरी कळलं तर? तुझ्या सासूबाई, सिंधूताई, मनानं चांगल्या आहेत, पण डोहाळजेवणाला चाळीस बायका येणार, त्यांत कुणी माझ्या गालाकडे बोट दाखवलं तर तुझी मान खाली जाईल, याच विचारानं मी कंबर धरून बसले. तू त्या दिवशी फोनवर रडत होतीस आणि मी तुला बर्फाचा शेक कसा घेते ते सांगत होते.

बाबांना कळलं ते पाकिटामुळे. मी ते बाजरीच्या डब्यात लपवलं होतं आणि ज्याची गिरणी त्याच्याच घरात धान्याच्या डब्यात काही लपवणं हा माझा अडाणीपणा. ते पाकीट हातात घेऊन दारात उभे राहिले. मी सगळं सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. ते पाटावर बसले आणि म्हणाले, “रोग तुले झाला, अन् मले परका काऊन केलं?” दुसऱ्या दिवशी गिरणी बंद ठेवून ते स्वतः दवाखान्यात गेले. घरच्यांनाही तपासतात ना. सदरा काढून उभे राहिले आणि डॉक्टरनं पाठीवर कापूस फिरवला तेव्हा त्यांना इतक्या गुदगुल्या झाल्या की बाहेर बाकावर बसलेले लोकही हसायला लागले. त्यांना काही नाही. खबरदारी म्हणून एक गोळी दिली, तेवढीच. माझी कपबशी त्या संध्याकाळी त्यांनीच परत फळीवर ठेवली.

त्यानंतर मी गीताबाईला सांगितलं.  ती म्हणाली, मी ओट्यावर उभी होती तेव्हा डाग दिसला होता, पण तू माझी मैत्रीण, तुला कसं विचारू म्हणून मी कागदाकडे पाहिलं. आम्ही दोघी एकमेकींना लाजलो आणि औषध तीन-चार महिने लांबलं, एवढाच त्याचा अर्थ.

ऑगस्टच्या शेवटी अलीजानं राहिलेलं फेशियल पुरं केलं. डॉक्टरला विचारून, नळीचा जोर अगदी कमी ठेवून. डागाच्या मधोमध अजूनही काही लागत नाही. पण वरच्या कडेला, डोळ्याच्या बाजूनं, मुंगी चालावी तसं काहीतरी गार लागलं. मी बोट वर केलं. अलीजानं मशीन थांबवून पुन्हा लावलं, मी पुन्हा बोट वर केलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती मला म्हणत होती, हलू नका, मावशी, हलू नका.

गेल्या गुरुवारी मातांची बैठक होती. तोच कागद वाचायचा होता. तो वाचून झाल्यावर मी पदर मागे घेतला, डाव्या गालावर बोट ठेवलं आणि म्हटलं, हा तो डाग, हे माझं तिसरं पाकीट.  एक जण पोराला उचलून निघून गेली. ते पोर अजून अंगणवाडीत आलेलं नाही, मी उद्या तिच्या घरी जाणार आहे. बाकीच्या बसून राहिल्या. सगळ्या गेल्यावर एक नवी सून मागे थांबली. तिनं बाही वर केली. शुक्रवारी मी आणि गीताबाई तिला दवाखान्यात घेऊन गेलो. लवकर सापडलं, डॉक्टर म्हणाली.

म्हणजे आता हे गावात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणाच्या तरी फोनवरून नाशिकपर्यंत येईलच. ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. अलीजावर रागावू नकोस, शब्द मी घेतला होता तिच्याकडून. तू लग्नापर्यंत माझ्याच अंथरुणाशेजारी झोपलीस, म्हणून तिथल्या दवाखान्यात एकदा अंग दाखवून घे. तुझी गोळी बाळंत झाल्यावर देतील, आत्ता नुसतं बघून घेतील. दीपकरावांना आणि सिंधूताईंना सांगायचं की नाही, ते तू ठरव. सांगायचं असेल तर हेच पत्र दे, मला चालेल. आणि मग, पूनम, ये. नाशिकहून गाडी थेट नांदुऱ्याला येते, बाबा जीप घेऊन स्टेशनवर थांबतील. मधली खोली मी चुन्यानं रंगवून घेतली आहे, खामगावच्या डॉक्टरीणबाईंशी बोलून ठेवलं आहे. तुझ्या बाळाला पहिली आंघोळ मला घालायची आहे, माझ्या पायांवर घेऊन, माझ्या हातांनी. हे सांगायला मला अडीच महिने लागले. सगळं कळूनही तुला आईकडे यावंसं वाटलं तर पत्रानं उत्तर पाठवू नकोस, तेवढे दिवस आता आपल्याकडे नाहीत. फोन कर. मी उचलेन, पण आधी काही बोलणार नाही. तू फक्त तारीख सांग.

तुझीच,
आई