मागची काच अजून गळते आहे

तीर्थस्वरूप भावोजींना,

साष्टांग नमस्कार. हा साष्टांग लिहिण्यापुरताच समजावा. पाठीची जी दशा झाली आहे ती पाहता आठ अंगं एकदम जमिनीला टेकतील असं वाटत नाही, आणि टेकलीच तर उचलायला माणसं बोलवावी लागतील. ताईचा गुडघा काय म्हणतो? आपलं पित्त शांत असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत आणि काचही शाबूत आहे. खरं तर हे उलट्या क्रमाने लिहायला हवं होतं, कारण आमच्याकडे हल्ली आधी काचेची विचारपूस होते आणि मग माणसांची. बाबांनी बजावलं आहे की पाकिटात घालण्याआधी पत्र मोठ्याने वाचून दाखवायचं, कारण माझं अक्षर त्यांना आताशा लागत नाही. (माझं अक्षर शाळेपासून होतं तसंच आहे. तेव्हा कंसात जे येईल ते मी वाचताना गाळणार आहे. आपणही ते ताईपुरतंच ठेवावं.)

मागची काच काढणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम, असं आपण फोनवर म्हणाला होतात. गाड्यांच्या बाबतीत आपला अधिकार मोठा. आपण एकदा स्कूटरचं इंजिन घरच्या घरी खोललं होतं, ही गोष्ट आमच्या घरात अजून कौतुकाने सांगितली जाते. (ते परत कोणी जोडलं ते सांगत नाहीत.) काच काढायचं कारण असं की डेंटरने तिच्याभोवतीच्या रबराखाली टोचा घातला आणि तो पत्र्यातून सरळ आत गेला. काच निघाल्याशिवाय मी गंजाला हात लावणार नाही, असं सांगून तो चहा प्यायला गेला. ही काच आता कुठे बनत नाही. फुटली तर गाडी संपली. बाबांनी गाडी मला दुरुस्तीला दिली तीच मुळी एका अटीवर: तयार झाली की पहिली चक्कर ते मारणार, शेजारी आई.

(खरा घोर तोच आहे, भावोजी. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून स्वच्छ सांगितलं आहे. समोरचं तेवढं दिसतं, दोन्ही बाजूंचं जवळजवळ गेलं आहे. परवा दाराच्या चौकटीला धडकले आणि चौकटीवरच ओरडले. गाडीचा विषय निघाला की आई उठून आत जाते. मला एकट्याला गाठून म्हणाली, "गाडी नीट कर रे, पण फार नीट करू नकोस." डॉक्टरांचं, तिचं, माझं, कोणाचंच ते ऐकत नाहीत. "आधी गाडी तयार होऊ दे, मग बघतो कोण अडवतंय," एवढंच म्हणतात. मला खरोखर भीती वाटते.)

तर काढणीची हकीकत. रबर इतकं कडक झालं होतं की त्याला रबर का म्हणायचं ते कळेना. मी मागच्या सीटवर उताणा पडून, पायांत मोजे घालून, दोन्ही पावलं काचेला लावली आणि हळूहळू रेटायला लागलो. बाहेर बाबा, आई आणि ही, तिघं गोधडी ताणून उभे. बाबा उभं आयुष्य नकाशे काढत आले, त्यामुळे मी डावा पाय किती रेटायचा आणि उजवा किती, याचं मार्गदर्शन अखंड चालू. बराच वेळ काही झालं नाही, आणि मग काच एकदम सुटली. त्या तिघांनी ती झेललीसुद्धा. माझे पाय मात्र पोटऱ्यांपर्यंत गाडीबाहेर लटकत राहिले, आणि पाठीत उसण भरली ती आजतागायत. त्या अवस्थेत मला तिथेच सोडून सगळे काच घेऊन घरात गेले.

घरात सगळ्यांत सुरक्षित जागा कोणती, यावर चर्चा होऊन काच आमच्या पलंगावर ठेवण्यात आली. गोधडीत गुंडाळून, दोन्ही बाजूंना उशा लावून. आम्ही बाहेरच्या खोलीत सतरंजीवर. ही म्हणाली, "माझ्या बाळंतपणात मला एवढी उशी मिळाली नव्हती." ते खरं होतं, म्हणून मी सतरंजी झटकायला घेतली.

डेंटरचं आणि रंगाचं काम उरकलं, नवीन रबर आलं, आणि बसवणीचा दिवस उगवला. पद्धत अशी: रबर काचेवर चढवायचं, त्याच्या खाचेत सगळीकडून दोरी बसवायची, दोरीची टोकं गाडीच्या आत सोडायची. बाहेरच्यांनी काच दाबून धरायची आणि आतल्याने दोरी ओढत जायची, म्हणजे रबराची कड पत्र्यावर उलटून बसते. कोणीही ते सरळ केलं असतं. पण बाबांचा तालमीशिवाय कशावर विश्वास नाही. (ताईच्या लग्नात त्यांनी पंगतीची तालीम घेतली होती, आपल्याला आठवत असेल.) त्यांनी काच पलंगावरच ठेवून, दोरी कशी ओढायची ते सगळ्यांना सावकाश ओढून दाखवलं. मग आम्हाला गाडीमागे उभं करून नुसत्या हवेला दाबायला लावलं. समोरच्या गॅलरीतले शेजारी कपडे वाळत घालायचे थांबले. तालीम उत्तम झाली. मग साबणाचं पाणी लावून काच आणली, जागेवर धरली, आम्ही तिघं जीव खाऊन दाबतोय, आणि आतून बाबांचा आवाज आला, "दोरी कुठंय?" दोरी पलंगावर होती. ओढून दाखवल्यावर ती परत खाचेत घालायची असते, हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

पुढच्या खेपेला दोरी होती. काच बसली, आम्ही टाळ्या वाजवल्या, आईने देवाचं नाव घेतलं. मग वर पाहिलं तर छताचं कापड, जे रबराखाली दाबून बसायला हवं, ते बाबांच्या डोक्यावर लोंबत होतं. काढा काच. त्यानंतरची बसवणी देखणी झाली, पण पाणी ओतलं तर डाव्या कोपऱ्यातून धार. पुन्हा काढा, पुन्हा पलंग, पुन्हा सतरंजी. काल परत बसवली, परत पाणी ओतलं, आणि बाबांचा निकाल असा की अजून गळते आहे. तेव्हा पुन्हा काढावी लागणार. भावोजी, तो अर्धा तास कधी सुरू होतो तेवढं कळवावं. मी थकलो आहे. सतरंजीचे दोरे माझ्या पाठीवर उमटले आहेत, आणि साबणाचा वास आला की आता मला झोप येते.

ताईला आशीर्वाद मागितले म्हणून सांगावं. रविवारी आपण गाडी बघायला येताय, याचा सगळ्यांना आनंद आहे.

आपला,
धाकटा मेव्हणा

ता. क. इथपर्यंतचं, कंस गाळून, बाबांना वाचून दाखवलं. तालमीचा भाग त्यांना अतिरंजित वाटला, बाकी पसंत पडलं. आता ते झोपले आहेत, म्हणून खरं लिहितो. त्या डाव्या कोपऱ्यातून धार आली कारण रबराखाली मी काडेपेटीची काडी सरकवली होती. काच बसली की गाडी तयार, आणि गाडी तयार झाली की ते चालवणार. मला दुसरं काही सुचलं नाही.

आणखी एक. काल मात्र मी काडी घातली नाही. पाठीने हात टेकले होते. म्हटलं, होईल ते होईल. बाबा आत टॉर्च घेऊन बसले, काचेखालच्या फळीवर वर्तमानपत्र अंथरलं, आणि मी बाहेरून बादलीवर बादली ओतली. मग आत डोकावलो. कागद कोरडा ठणठणीत. बाबांनी कडेकडेने पूर्ण हात फिरवला, पुन्हा एकदा फिरवला, आणि टॉर्च बंद केला. मग म्हणाले, "गळतंय रे. काढावी लागेल." मी म्हटलं, "हो बाबा, गळतंय." ते दार धरून, पायाने जमीन चाचपत खाली उतरले, आणि खिशातली गाडीची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "तोवर असू दे तुझ्याकडे."

शेवटचं, आणि पत्र खरं तर यासाठीच. रविवारी ते आपल्यालाही आत बसवतील आणि मला बाहेरून पाणी ओतायला लावतील, कारण या घरात जावयाच्या शब्दापुढे कोणाचं चालत नाही. आपल्याला पडताळून बघायची हौस आहे हे मी जाणतो. पण एवढं माझ्यासाठी करा. काचेखालून सावकाश हात फिरवा, मान हलवा, आणि मग त्यांच्यासमोर रुमाल काढून हात पुसा.