खोली क्रमांक दोन रिकामी नसल्याबाबत

प्रति,
मा. अधिकारी,
निवासी नोंदणी व रिक्त खोल्या विभाग,
प्रभाग कार्यालय (जुने शहर), दुसरा मजला.

विषय : खोली क्र. २ 'रिक्त' ठरवून सील करण्याची कार्यवाही थांबवणे, तसेच अर्जदाराने आजवर दिलेली खोटी माहिती दुरुस्त करून घेणे.

संदर्भ : आमच्या जिन्याच्या तोंडाशी डकवलेली आपली नोटीस. (खालचा अर्धा भाग वाऱ्याने नेला आहे. सील करण्याची वेळ, म्हणजे येता सोमवार, सकाळी दहा, वरच्या भागात शाबूत आहे.)

महोदय,

१. अर्जदार हा छापखान्यातून निवृत्त झालेला मुद्रितशोधक असून त्याने चौतीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका काढल्या आहेत. या अर्जात तो स्वतःची काढत आहे. सवय नसल्याने मांडणी विस्कळीत वाटल्यास सांभाळून घ्यावे.

२. आमच्या इमारतीत नऊ खोल्या आहेत. आपल्या नोंदवहीप्रमाणे त्यांपैकी आठ खोल्यांत तेहेतीस माणसे राहतात आणि खोली क्र. २ रिकामी आहे. वस्तुस्थिती अशी की सात खोल्यांना कुलूप आहे, खोली क्र. ९ मध्ये मी राहतो आणि खोली क्र. २ मध्ये अकरा माणसे राहतात. म्हणजे ज्या रिकाम्या आहेत त्या कागदावर भरलेल्या असल्याने सुरक्षित आहेत, आणि जी खचाखच भरलेली आहे तिला सोमवारी सील लागणार आहे. यात आपल्या विभागाचा दोष नाही. माहिती मी दिली होती.

३. त्याचे असे झाले. गेल्या पंधरा वर्षांत एकेक बिऱ्हाड शहराच्या पार टोकाला, लिफ्ट असलेल्या इमारतींत राहायला गेले. जाताना प्रत्येकाने किल्ली आमच्याकडे ठेवली आणि "येऊन-जाऊन असूच, जरा लक्ष असू द्या" असे सांगितले. मी लक्ष ठेवले. नोंदणीसाठी प्रगणक बाई आल्या तेव्हा नियमाप्रमाणे त्यांनी बंद दारांची चौकशी शेजाऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे केली. मी म्हणालो, "आहेत ना, बाजारात गेलेत. येतीलच इतक्यात." नऊ खोल्यांच्या इमारतीत आपण नवरा-बायको दोघेच उरलो, हे परक्या बाईंसमोर बोलवेना. बाईंनी सात खोल्यांची माणसे माझ्याकडून तोंडपाठ लिहून घेतली.

४. पाच वर्षांनी दुसऱ्या फेरीतही हीच माहिती दिली. त्यामुळे क्र. ५ मधले मास्तर, जे वारले, ते आपल्या वहीत अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आणि ठणठणीत आहेत. क्र. ३ मधली चिमी दोन्ही फेऱ्यांत पाच वर्षांचीच आहे. तिचे वय वाढवायचे माझ्या ध्यानातच आले नाही, कारण मी तिला तेवढीच पाहिली आहे. पुढे आपल्या विभागाच्या अहवालात 'जुन्या शहरातील स्थिर लोकवस्तीचा नमुना' म्हणून आमच्या इमारतीचा उल्लेख आला. ते कात्रण मी जपून ठेवले होते.

५. खोली क्र. २ पूर्वी शिंप्याची होती. पुढे ती पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांना भाड्याने दिली गेली. हे लोक लांबून आलेले. त्यांचे बोलणे मला निम्मेच कळते. पाच जण दिवसपाळीला आणि सहा रात्रपाळीला असल्याने तिथले अंथरूण कधी गार होत नाही. बाईंनी त्या खोलीबद्दल विचारले, तेव्हा मी "ते राहत नाहीत, झोपायला येतात" असे उत्तर दिले. 'झोपायला' असा रकाना नसल्याने बाईंनी 'रिक्त' लिहिले.

६. माझी पत्नी आतून म्हणाली होती, "अहो, अकरा आहेत ते. दोरीवरचे टॉवेल मोजलेत मी." गच्चीवरची आमची अर्धी दोरी तिने त्यांना देऊन टाकली होती. मी तिला गप्प बसवले. बाई गेल्यावर ती म्हणाली, "धन्य आहे तुमची. उद्या मी नसले तरी सांगाल, बाजारात गेलीय."

७. दि. ९ नोव्हेंबर रोजी सकाळी दहाच्या सुमारास ती जिन्यात पडली. मी हाका मारल्या. कोणाला मारल्या, हे नमूद करणे मला आवश्यक वाटते : मास्तर, चिमीचे बाबा, समोरच्या वहिनी. पंधरा वर्षांची जीभ, ती तिकडेच वळली. त्या साती दारांच्या किल्ल्या माझ्याच घरात खिळ्यांना टांगलेल्या होत्या. दार उघडले ते क्र. २ चे. रात्रपाळीचे सहाही जण बनियनवर, डोळ्यांत झोप घेऊन धावत आले. गल्लीत गाडी येत नाही. त्यांनी तिला खुर्चीत बसवून चार गल्ल्या पार करून दवाखान्यात नेले. मी मागून तिच्या चपला घेऊन चालत होतो. वाटेत तिने एकदा मान वळवून मला म्हटले, "आता तरी लिहा यांना." नऊ दिवसांनी ती गेली. खांदा देणाऱ्यांत एकाचेही नाव मला ठाऊक नव्हते.

८. सदर दुरुस्तीसाठी मी आपल्या खिडकीवर तीनदा आलो. तिथल्या लिपिकांनी आपुलकीने समजावले की माणूस वाढवण्याचा नमुना आहे, मेलेला कमी करण्याचाही आहे, निघून गेलेल्याचा नाही. "काका, गेलेत म्हणजे वारलेत का?" मी म्हणालो, मास्तर सोडले तर नाही. "मग आहेत की." त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. मीही पंधरा वर्षे तेच म्हणत होतो.

९. तरी विनंती की सात खोल्यांतील एकतीस माणसांची नावे कमी करावीत. ती परत येणार नाहीत. खोली क्र. २ मध्ये अकरा माणसे लावावीत आणि सोमवारची कार्यवाही रद्द करावी. सोमवारी दहा वाजता रात्रपाळीचे सहा जण आत झोपलेले असतील. सील लावण्यापूर्वी दार वाजवावे, एवढे तरी व्हावे. आणि खोली क्र. ९ मध्ये 'दोन' ऐवजी 'एक' करावे. ती बाजारात गेलेली नाही.

आजवर चुकीची माहिती पुरवत आलेला,
आपला नम्र,
(सही)
रहिवासी, खोली क्र. ९

दिनांक : ११ मार्च

सोबत :
१) मृत्यूचा दाखला, तीन प्रती.
२) खोली क्र. २ मधील अकरा जणांची नावे, ज्याच्या त्याच्या अक्षरात. मी एकही दुरुस्ती केलेली नाही.
३) अहवालाचे कात्रण, परत.
४) किल्ल्या, सात. आठवी, माझ्या खोलीची, जोडलेली नाही. ती खोली क्र. २ मध्ये खिळ्याला टांगली आहे. पुढच्या फेरीत माझे दार बंद दिसल्यास तिथे विचारावे. ते खरे सांगतील.