अज्जीनं न म्हटलेलं गाणं

मंगळवार पेठ, कोल्हापूर
सोमवार, १४ जून २००४

गिरिजा,

नाही म्हणजे नाही. कॅसेट पाठवणार नाही. तिसऱ्यांदा मागितलीस, या वेळी तर रजिस्टरनं मागितलीस, तरी नाही. आणि पत्राच्या खाली 'तुम्ही मोठी माणसं, आम्हाला कशाला उत्तर द्याल' असं जे लिहिलंयस, ते खोडून टाक. मी मोठा-बिठा कुणी नाही.

असो. घरी सगळी बरी असतील. तुझे संस्थेतले पोरांचे वर्ग चालू असतील. इकडं सगळं ठीक. आईचे गुडघे दुखतात, दुसरं काय.

तुझी यल्लव्वा अज्जी गेल्याचं तुझ्या पहिल्याच पत्रात कळलं. तेव्हाच लिहायला बसलो होतो. चार ओळी लिहिल्या. त्या फार चांगल्या झाल्या, म्हणून फाडल्या.

तुझं म्हणणं, पुढच्या महिन्यात धारवाडला पोरं अज्जीचं गाणं म्हणणार, पुस्तकात दोनच कडवी आहेत, बाकीची कॅसेटवर असतील. 'कॅसेटला बुरशी आली' असं कळवून मी मोकळा झालो असतो. तसं लिहिलंही होतं, पाकीट चिकटवलंही होतं. पण तू शेवटी लिहिलंयस, 'अज्जीनं हे गाणं मला कधीच म्हणून दाखवलं नाही. तुम्ही एक दिवस आलात आणि तुम्हाला दिलं. माझ्यावर तिचा राग होता काय?'

पाकीट फोडलं.

आता नीट सांगतो. एम.ए.ला आम्हाला एक पेपर होता. आफ्रिकेचा आणि आफ्रिकेतनं जगभर नेलेल्या लोकांचा इतिहास, साहित्य, गाणी. सहाच जणांनी घेतलेला. गुलामांची जहाजं, उसाचे मळे, मळ्यात म्हटलेली गाणी. मी नुसता पेटलो होतो. जेवताना आईला सांगायचो, ती म्हणायची, "भाकरी खा आधी." एक दिवस सर म्हणाले, "जहाजं काय फक्त अमेरिकेलाच गेली व्हय रे? बेळगाव ओलांडून हल्याळच्या रानात जा. सिद्दी लोक हाईत. त्यांचे पूर्वज पण तिकडनंच आणलेले."

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि वर्गातला प्रसेनजीत तुमच्या गावी गेलतो. टेपरेकॉर्डर त्याच्या मामाचा, कन्नड माझं. आमच्या घरात आई कन्नडच बोलते. तुमच्याकडं शाळेला सुट्टी दसऱ्यालाच, म्हणून तू तेव्हा हॉस्टेलला होतीस.

"अज्जी, तुमची माणसं मूळची कुठली?"

"माझं माहेर ना? डोंगरापलीकडं."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी मी कुठं होते?"

"समुद्राचं काय आठवतंय का? जहाजाचं?"

"गोकर्णाला गेले होते एकदा. लाटेनं एक चप्पल नेली. दुसरी घेऊन काय करू? तीपण टाकली पाण्यात."

प्रसेनजीत हसून लोळला. मी नाही हसलो. मला साखळी पाहिजे होती, आणि ती चप्पल देत होती.

येताना गाडीत मी तोंड पाडून बसलो, तर प्रसेनजीत म्हणाला, "आमच्या म्हातारीकडं पण एक पावणं आलतं वही घिऊन. 'आजी, तुमचं दुःख सांगा.' तिनं तासभर हरवलेल्या कोंबडीचं सांगितलं. त्यानं पेन मिटलं आणि गेलं."

"मग?"

"मग काय? कोंबडीचंच दुःख हुतं की तिला."

जानेवारीत सेमिनार होता आणि माझ्याकडं काहीच नव्हतं. म्हणून ते गाणं मी लिहिलं.

परत वाच. मी लिहिलं. आफ्रिकी कादंबऱ्यांच्या मागं शब्दांचे अर्थ दिलेले असतात, त्यातले चार शब्द उचलले. तेही एका देशातले नाहीत. मधेमधे कन्नड पेरलं. समुद्र घातला, साखळी घातली, आई घातली. चाल आमच्या गल्लीतल्या पोरी सागरगोटे खेळताना म्हणतात ती. तेव्हा मी अर्थ मोडून टाकलेल्या कविता लिहायचो आणि मासिकं त्या साभार परत पाठवायची. ही एक कविता कुणी परत पाठवली नाही. सर म्हणाले, "ही ओळ समुद्र ओलांडून आल्या!" पुढं सेमिनारच्या पुस्तकात छापली. तुझ्या संस्थेनं ती पुस्तकातनं घेतली आणि पोरांना शिकवली.

सेमिनारला कॅसेट वाजवली होती, हे तू पुस्तकात वाचलंयस. म्हणून मागतेस. त्यातला आवाज माझ्या आईचा आहे.

सूप पुढ्यात घेऊन तांदूळ निवडत बसली होती. चाल सांगितली.

"देवाचं हाय काय रे हे?"

"म्हण की गं."

"म्हणते. अर्थ तर सांग."

"अर्थ मागनं."

अर्थ न कळता तिनं असं म्हटलं, की माझ्याच अंगावर काटा आला. हॉलमध्ये लोकांनी डोळे पुसले. चहाच्या वेळी प्रसेनजीतनं मला जिन्याखाली ओढलं. "मल्लव्वा काकूंचा आवाज मला कळत न्हाय व्हय रे, अमऱ्या? त्यांच्या ताटात जेवलोय मी. गप बसलो ते त्यांच्यासाठी. तुझ्यासाठी न्हवं." त्या दिवसापासनं तो माझ्याशी बोललेला नाही. मी दोनदा त्याच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

एवढ्यावर थांबता आलं असतं. थांबून बघितलं, मधे चहा पिऊन आलो.

आईचं गाणं मी अज्जीच्याच कॅसेटवर भरलं. तिच्या बोलण्याच्या वरनं. दुकान कोपऱ्यावर होतं, नवी कॅसेट आणायला पाच मिनिटं लागली असती. पण अज्जीच्या बोलण्यात माझ्या कामाचं काही नाही, असं मला वाटलं. दुसरी बाजूपण परवा शेवटपर्यंत ऐकली. सरसर आवाज आहे नुसता.

मग अज्जीनं काय म्हटलं होतं? चप्पल झाली, म्हैस व्यायली ते झालं, तुझे केस दुसऱ्या कुणाच्या हाताला येत नाहीत ते झालं. शेवटी मी वैतागून म्हटलं, "अज्जी, गाणं काही येतं का?" तर लाजली, पदर सारखा केला, आणि एक मराठी कविता म्हटली. तुझ्या शाळेतली. शनिवारी घरी आलीस की तू तिला शिकवायचीस ती. अर्धे शब्द मोडलेले. दुसऱ्या कडव्याला अडली आणि म्हणाली, "थांब, नात येईल शनिवारी, तिला विचार. चुकलं की मारते मला." आणि खूप हसली. मी टेप बंद करायला हात पुढं केला तर विचारलं, "हे तिला ऐकवशील?"

मी म्हटलं, व्हय.

राग नव्हता गिरिजा. मी गाणं मागितलं तेव्हा तिनं तुझं गाणं काढलं. जुनं काही तिच्याकडं असेलही, पण एका दिवसाच्या पाहुण्याला ती ते कशाला देईल? मी मात्र कॉलेजात दोन वर्षं, कुणाकुणाचे आवाज कसे पुसले गेले, तेच शिकत होतो. पहिला वर्ग मिळाला मला त्यात.

धारवाडला काय म्हणायचं ते तू ठरव. पुस्तक काढणाऱ्यांना हे सगळं कळवलंय, ते पत्र सकाळीच टाकलं. नांदेडच्या कॉलेजात उद्या रुजू व्हायचंय. त्यांनी मला त्या गाण्यावरच घेतलंय, आणि त्यांना अजून कळवलेलं नाही. धाडस तेवढंच होतं.

आईलाही सांगितलेलं नाही. तिला मराठी वाचता येत नाही. तुझं उत्तर आलं की शेजारच्या श्रुतीकडनं वाचून घेईल. शिव्या लिहिल्यास तर मोठ्या अक्षरात लिही, पोरगी अजून अडखळत वाचते. वाचू दे. तिच्या गाण्याचा अर्थ तिला असाच कळेल. मी तेव्हा इथं नसेन. तिथला पत्ता देत नाही.

रिक्षा आली. आई डबा घेऊन दारात उभी आहे, विचारते, "कुणाला रे एवढं मोठं पत्र?" ओळखीच्यांना, म्हटलं. निघतो.

तुझ्या अज्जीला व्हय म्हणून आलेला,
अमरेश