कोरडी मोटर

ता. पाथर्डी
९ ऑक्टोबर २०२५

चि. कल्याण यास,

बिभीषणदादाचे आशीर्वाद. घरी सगळे बरे आहेत. गाय व्यायली, कालवड झाली. पुराचा गाळ अजून पांदीच्या वाटेवरून निघालेला नाही. फोनवर तू मधेच बोलशील आणि माझं राहून जाईल, म्हणून हे पत्र.

गोजरचुलतीच्या दहाव्याला तू पुण्याहून आलास, तर कुणी तुझ्याशी धड बोललं नाही. तिच्या अजिनाथने तर पाठच फिरवली. आई पुरात गेलीय, दुःखात आहे तो, असं मी तुला सांगितलं. तू न जेवता निघून गेलास. खोटं कशाला बोलू, मलाही तुझा रागच होता. रडारवर ढग बघायची नोकरी तुझी आणि हसं व्हायचं माझं. या पावसाळ्यात दोनदा तुझा फोन आला, डोंगरावर लाल दिसतंय, नदीला पाणी येईल. दोनदा मी देवळाच्या भोंग्यावरून ओरडलो. पहिल्यांदा सगळ्या गावाने नदीतल्या पाण्याच्या मोटरी काढल्या, दुसऱ्यांदा निम्म्याने. पाणी आलं घोट्याएवढं. मग पारावर रोज तेच, "बिभीषनराव, आज कंच्या रंगाचा पाऊस?" तुला काय, तू तिकडे.

तिसरा फोन दुपारी तीनला आला. आज जांभळं दिसतंय, लालच्याही वरचं, दोन तासांत पूर येईल, सगळ्यांना सांग, असं तू म्हणालास. मी बरं म्हणालो. गावावर लख्ख ऊन होतं. मी भोंग्याकडे गेलो नाही. ट्रॅक्टरला दोर बांधून फक्त आपली मोटर नदीतून ओढून काढली.

चुलती खाली पात्रात शेळ्या चारत होती. तुला लहानपणी तिनेच सांभाळलं. आमच्या कल्याणचा फोन म्हणून दोन्ही वेळा सगळ्यांच्या आधी शेळ्या वर आणणारी तीच. तिने खालूनच विचारलं,

"मोटर का काढतुस रं? कल्यानचा फोन आला का?"

"न्हाई चुलते, दुरुस्तीला न्यायचीय."

पुन्हा हसतील, एवढीच लाज होती रे. पाणी दिसलं की हाक मारू, असं मनाशी म्हणालो आणि घरी आलो. पाच वाजायच्या आत पाणी आलं. मी चहा पीत होतो.

गावाला मी सांगितलं की या वेळी कल्याणचा फोनच आला नाही. म्हणून कुणी तुझ्याशी बोललं नाही. काल अजिनाथ येऊन ओट्यावर बसला. म्हणाला,

"साऱ्या गावाच्या मोटरी वाहून गेल्या. तुझीच कोरडी कशी?"

मी कालवडीचं काहीतरी बोललो. तो उठून गेला.

या पत्राची नक्कल करून ठेवली आहे. ती आधी त्याच्या हातात देईन, मग हे टपालात टाकीन. पुढचं त्याने ठरवावं. यापुढे ढग दिसले की मला फोन करू नकोस, त्याला कर. तो उचलेल की नाही माहीत नाही. तरी करत राहा.

तुझा फोन उचललेला,
बिभीषण