अक्कल, पोच आणि हिरवी मखमल

प्रिय भिंगरी,

पत्र बघून दचकू नकोस. सगळे खुशाल आहेत, म्हणजे मी आहे. आता इथे दुसरं उरलंय कोण! फोन का नाही केला म्हणशील. तीनदा उचलला आणि ठेवला. फोनवर तू मध्येच हसतेस आणि मग मला काय सांगायचं होतं तेच मी विसरते. आज रविवार, दुकान बंद. किल्ली माझ्याकडेच असते, म्हणून कापायच्या टेबलावर बसून लिहितेय. कपड्यांचे खाके काढायचा कागद आहे, म्हणून असा तपकिरी. मागच्या बाजूला कुणाच्या तरी बाहीचं माप आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस.

तर गंमत ऐक. गंमत नाही, पण ऐक. मंगळवारी मी चुकले. एका गायिकेचा लांब कोट होता, गर्द हिरव्या मखमलीचा. मखमलीला लव असते हे आपल्या अण्णांनी तुलाही शिकवलं होतं, तू तेव्हा खिडकीबाहेर बघत होतीस. वरून खाली हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर हाताला अडते, आणि रंगही वेगळा दिसतो. म्हणून कापड कितीही लागो, सगळे तुकडे एकाच दिशेनं मांडायचे. साधं कापड असलं की आपण एक तुकडा सुलटा, एक उलटा असे खेटून मांडतो, त्यात कापड वाचतं. बेचाळीस वर्षं मी अशीच कापड वाचवत आलेय. त्या दिवशी मखमलही तशीच मांडली आणि कात्री चालवली. कोटाची डावी बाजू हिरवी, उजवी जवळजवळ काळी. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! मालकांनी लगेच नवी मखमल मागवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

अण्णांचे ते शब्द आठवतात का गं? याच टेबलाशी उभे राहून गिऱ्हाइकाच्या अंगाचं माप घेता घेता ते त्याच्या डोक्याचंही माप घ्यायचे. माणूस दाराबाहेर पडला की निकाल तयार. याला हुशारी आहे, पण अक्कल नाही. हिला अक्कल आहे, पण पोच नाही. कुणासमोर काय बोलावं ते कळत नाही. त्या तिसऱ्याला दोन्ही आहेत, तारतम्य तेवढं नाही, मुंगी मारायला हातोडा घेईल. माझ्याबद्दल म्हणायचे, हिला सगळं आहे. आणि तुझ्याबद्दल म्हणायचे, हिची अक्कल अजून वाटेत आहे, येईल सावकाश. आपण दोघी हसायचो. मी जरा जास्तच हसायचे, हे आज कळतंय.

मी कुठे होते? हां, शहाणपण. अख्ख्या गल्लीला माझा सल्ला लागतो, हे तुला ठाऊकच आहे. घर बदलू की नको, मुलाला कुठल्या शाळेत घालू, जावेशी अबोला किती दिवस धरू. मी तोंडात टाचण्या धरून निकाल देते. आमच्या वरच्या मजल्यावर एक नर्सबाई राहतात, आता नोकरीतून निवृत्त. त्यांनाही मागच्या वर्षी असाच निकाल दिला. त्या एकट्या, वाचनालयात भेटणारे एक गृहस्थ एकटे. उरलेले दिवस एकत्र काढू या का, असं त्यांनी बाईंना विचारलं होतं. मी टाचण्या न काढताच म्हटलं, साठीनंतर असल्या उड्या मारू नयेत, लोक हसतात, आणि दोघांची औषधं शेवटी बाईलाच सांभाळावी लागतात. बाईंनी नकार कळवला. ते गृहस्थ दुसरीकडे राहायला गेले. परवा नर्सबाई जिन्यात भेटल्या तर म्हणाल्या, तुम्ही मला वेळेवर शहाणं केलंत. मनापासून म्हणाल्या की टोमणा मारला, ते मला अजून कळलेलं नाही. त्यांची पावलं ऐकू आली की मी दाराआड थांबते.

आता खरं ते सांगते. आमच्या दुकानातले काजवाले तुला माहीत नाहीत, तू गेल्यावर सात वर्षांनी आले. हातानं बटणांची काजं करतात, मशीनला लाजवतील अशी. खिडकीशी त्यांचं स्टूल, समोर माझं टेबल, एकोणीस वर्षं. बायको फार पूर्वीच गेली. आमचं बोलणं ते किती! हल्ली त्यांना जवळचं नीट दिसत नाही, म्हणून मी सकाळी आल्या आल्या बारा सुयांत दोरे ओवून त्यांच्यापुढे ठेवते, एवढंच. सोमवारी त्यांनी मालकांना सांगितलं की महिनाअखेर काम सोडतो, बहिणीनं नदीपलीकडे दोन खोल्या बघून ठेवल्यात. सोमवारी सांगितलं. मखमल मी मंगळवारी कापली. हे दोन वार आत्ता शेजारी शेजारी लिहिले आणि माझा हातच थांबला. पाच दिवसांत हे मला सुचलं नव्हतं बघ.

चूक आधी त्यांनाच दिसली. दोन्ही तुकडे उजेडात धरले आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता मालकांना हाक मारणार. तर हा माणूस हसला. म्हणाला, "बाई, आज तुम्ही चुकलात. एकोणीस वर्षं वाट बघत होतो. कधीच न चुकणाऱ्या माणसाला काही विचारायची हिंमत होत नाही हो." आणि विचारलं. नर्सबाईंना त्या गृहस्थांनी विचारलं होतं, तेच. मी काय केलं असेल? टाचण्या तोंडात घातल्या आणि मान हलवली, होही नाही आणि नाहीही नाही. मग कशीबशी म्हणाले, महिना संपायच्या आत सांगते.

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. अण्णांचे सगळे शब्द लावून पाहिले, एकही अंगाला बसत नाही. अक्कल सांगते, ओळखीचं टेबल सोडू नकोस. व्यवहार विचारतो, त्यांचे डोळे आणि तुझे गुडघे, पुढे कोण कोणाला सांभाळणार? ते पटतं. मग सकाळी सुया ओवायला बसते आणि पटलेलं सगळं उलटंपालटं होतं. साठी बुद्धी नाठी म्हणतात ती हीच का? की आयुष्यभर ज्याला मी शहाणपण म्हणत आले ती नुसती भीती होती, आणि मी तिला इस्त्री करून घालत होते? तसं असेल तर नर्सबाईंचं मी काय करून बसले गं?

आणि तुझं. तू त्या दिवे लावणाऱ्याबरोबर, हो, नाटकाच्या दिव्यांचं काम करतात त्या आपल्या भावजींबरोबर निघालीस, तेव्हा दारात उभी राहून मी म्हणाले होते, "तुला अक्कल नाही. सहा महिन्यांत रडत परत येशील." सहा महिने मी तुझा पलंग झाडून ठेवत होते. मग वर्षभर. तू येशील म्हणून नव्हे, भिंगरी. तू चुकावीस म्हणून. काजवाल्यांनी मी चुकायची वाट बघितली ती मला काही विचारता यावं म्हणून. मी तुझी बघितली ती माझं खरं ठरावं म्हणून. सव्वीस वर्षं झाली, तू चुकली नाहीस, आणि मी हे एकदाही तोंडानं कबूल केलं नाही. आज करते. चुकले होते मी. मखमलीच्या कितीतरी आधी. म्हणून हे पत्र. त्या दिवशी तू रडत होतीस, पिशवीचा बंदसुद्धा तुला बांधता येत नव्हता, तरी उंबरा ओलांडलास. तो कसा ओलांडलास, तेवढं मला लिही. मला सल्ला देणारं दुसरं कुणी नाही. पंधरा दिवस हातात आहेत, आणि सुया मी रोज ओवतेच आहे.

तुझीच,
अक्कल अजून वाटेत असलेली
ताई