पालथे कप

प्रिय आई,

गेल्या खेपेला निघताना तू माझा हात धरून उलटसुलट करून पाहिलास आणि विचारलंस, "बोटं अशी का गं झालीत?" मी म्हणाले, थंडीने. तू तेलाची छोटी बाटली माझ्या पिशवीत कोंबलीस. त्या प्रश्नाचं उत्तर मला आजही धड देता येत नाही. फोनवर तर नाहीच. मी एखादं वाक्य जुळवते तोवर तू "जेवलीस का" विचारतेस आणि विषय तिथेच बसतो. म्हणून लिहायला घेतलंय. अक्षर मोठं काढतेय. चष्मा लाव आणि खाली बसून वाच, ओट्याशी उभ्याने नको.

माझं काम नेमकं काय, हे तुला कधी नीट सांगताच आलं नाही मला. शेजारच्या वहिनींना तू सांगतेस, "ती मोठ्या ऑफिसात लोकांना चांगल्या सवयी लावते," आणि वहिनी म्हणतात, "मग आमच्या ह्यांनापण लाव म्हणावं एखादी." खरं तर काम तेवढंच आहे. खोलीतून उठताना दिवा बंद करा, कागदाच्या दोन्ही बाजू वापरा, कचरा वेगळा ठेवा. ऑफिसात माझं नाव 'हिरवळ' पडलंय. मी दारातून आत आले की हिशेबाच्या टेबलावरचे काका खाकरतात आणि म्हणतात, "हिरवळ आली रे, पंखे बंद करा." आधी राग यायचा. मग लक्षात आलं, चेष्टेत का होईना, पंखे बंद होतात.

सगळ्यात जास्त जीव मी लावला तो चहाच्या कपांना. आमच्याकडे प्रत्येक चहाला नवा कागदी कप असायचा. दोन घोट चहा आणि कप टोपलीत. दुपारपर्यंत टोपल्या ओसंडायच्या. त्या कपांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, ते नुसत्या कागदासारखे कुजत नाहीत, हे मी सगळ्यांना एक कप फाडून, थर सोलून दाखवलं. मग म्हटलं, प्रत्येकाने घरून आपला कप आणायचा आणि आपला आपण धुवायचा. सगळ्यांनी हात वर केले, साहेबांनीसुद्धा. दुसऱ्या दिवशी कप आले. कुणाचा पोरांच्या फोटोचा, कुणाचा स्टीलचा पेला, काकांचा तर कान तुटलेला. "घरी बायको फेकणारच होती, इथे समाजसेवा करेल," म्हणाले. त्या दिवशी मी किती आनंदात होते, तुला आठवत असेल. फोनवर तूच म्हणालीस, अगं हळू बोल.

सफाईवाल्या मावशींनी मात्र पहिल्याच दिवशी मला बाजूला घेतलं होतं. त्यांची वेळ दुपारी संपते. म्हणाल्या, "पोरी, कप चांगलेत, पण ते माझ्या कामात धरू नकोस. आधीच सांगते." मी म्हटलं, मावशी, तुमचा संबंधच नाही, ज्याचा तो धुणार. त्या हसल्या आणि फरशी पुसत पुढे गेल्या.

नव्याचे नऊ दिवस छान गेले. मग "हा फोन झाला की धुतो" सुरू झालं, मग "उद्या सकाळी एकदम". बेसिन भरायला लागलं. तळाशी वाळलेला चहा, वर चिलटं. स्वागताच्या टेबलावरच्या मुलीने वासाची तक्रार केली. साहेब मला म्हणाले, "उद्यापर्यंत हे निस्तरलं नाही, तर मी कागदी कप परत मागवतोय." त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी बाह्या सरसावल्या. म्हटलं, फक्त आजचा दिवस. तुझ्यासारखंच केलं. आधी कोरडं पुसून घेतलं, नळ सोडून ठेवला नाही, एका पातेल्यात साबण आणि एकात विसळण. तीसेक कप फडताळात पालथे मांडून ठेवले.

सकाळी येऊन पाहते तर सगळे खूश. काकांना वाटलं, मावशींना दया आली. मावशींना वाटलं, लोकांना लाज वाटली. साहेबांना वाटलं, त्यांनी दम दिल्याचा परिणाम. बाकीच्या प्रत्येकाला वाटलं, आपला तेवढा राहिला होता तो कुणीतरी धुतला, इतर सगळे आपापला धुतातच. त्या समजुतीत मीही भर घातली, कारण मी काही बोलले नाही. बोलले असते तर कागदी कप परत आले असते. मग दुसरी संध्याकाळ, तिसरी, आणि पुढे मी मोजणं सोडलं. इतके महिने रोज. आता तुला कळलं असेल बोटांचं.

तू चार घरची भांडी घासलीस ती मी घासू नयेत म्हणून. माझा पदवीचा फोटो तू भांड्यांच्या मांडणीवर लावलास, येता-जाता दिसावा म्हणून. मी बेसिनशी उभी असले की तो फोटो डोळ्यांसमोर यायचा आणि मला हसू यायचं. नंतर नंतर तेही येईनासं झालं. नुसती पाठ दुखायची.

मग गेल्या महिन्यात मुख्य कार्यालयातून निरोप आला. आमच्या शाखेचं फार कौतुक होतं तिथे. माणसं येऊन पाहून जाणार, मग सगळ्या शाखांत हेच सुरू करणार आणि ते काम कायमचं माझ्याकडे, आतासारखं वर्षाच्या करारावर नाही. तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "मग मी कोपऱ्यावरच्या घरचं काम सोडते. खांदा उचलत नाही आता." तुझा आवाज इतका हलका मी कधीच ऐकला नव्हता. त्या दिवशी मी कप धुताना पहिल्यांदा रडले. दुसऱ्या शाखेत कपांपाशी कोण उभं राहणार, हा विचार डोक्यातून जाईना. तिथे माझ्यासारखी हट्टी कुणी नसेल. तिथे एखादी बाई असेल, तिच्या कामात कप धरलेले नसतील, आणि तरी ते तिच्याच हातावर येतील. ती बाई मला दर वेळी पाठमोरीच दिसायची, आणि पाठ तुझीच असायची.

पाहुणे काल यायचे होते. परवा संध्याकाळी मी बेसिन तसंच सोडलं आणि घरी आले. काल सकाळी पाहुण्या बाईंनी हौसेने फडताळ उघडलं, ते रिकामं. सगळे कप बेसिनमध्ये. काका पटकन म्हणाले, "मावशी आल्या नाहीत वाटतं आज." मावशी मागेच होत्या. "मी सकाळपासून इथंच आहे. आणि कप मी कधी धुतले हो?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी म्हटलं, मी धुते. काका म्हणाले, "रोज?" मी म्हटलं, रोज. कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. बाईंनी मला शांतपणे विचारलं, तुम्ही धुणं थांबवलंत तर हे किती दिवस टिकेल? मी बेसिनकडे बोट दाखवलं. म्हटलं, एकच संध्याकाळ थांबवलंय.

नंतर साहेब म्हणाले, "एक दिवस कळ काढायचीस. ते गेल्यावर बोलायचं होतंस." ते वाईट नाहीत गं. त्यांनाही ते काम मलाच मिळायला हवं होतं. ते आता मिळणार नाही. वर्षाचा करार संपेपर्यंत मी इथे आहे, पुढचं पुढे.

हे पत्र लिहायचं कारण हे, आई. कोपऱ्यावरच्या घरी अजून सांगितलं नसशील तर सांगू नकोस. सांगून आली असशील, तर परत जाऊन विचारणं तुला किती जड जाईल ते मला ठाऊक आहे, आणि ते माझ्यामुळे. खांद्याला तेल तूच लाव, बाटली परत पाठवतेय. आज संध्याकाळी काकांनी आपला कानतुटका कप धुतला, अर्धा शर्ट भिजवून घेतला. दोघं जण कपाटात जुने कागदी कप शोधत होते. बाकीचे कप बेसिनमध्येच होते. मी फक्त माझा कप धुतला, पुसला, फडताळात पालथा ठेवला आणि उजेड होता तोवर घरी आले.

तुझीच,
तुझी हट्टी लेक