चैत्रात लय होणार

१ मार्च
शेजारच्या लालासाहेबांनी ग्रुपवर मठाच्या महाराजांचा व्हॉइस मेसेज टाकला. 'चैत्री पुनवेला लय होणार', एवढंच. पुढं तुटलं. सगळ्यांनी हात जोडले, अर्थ मात्र एकट्या मला कळला. आमच्या कोरेगावात 'लय' म्हणजे खूप. पण महाराज काशीला जाऊन आलेत, ते संस्कृतच बोलणार. उत्पत्ती, स्थिती, लय. कलियुग संपतंय, सत्ययुग लागणार. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं ते वाया गेलं नाही.
संकल्प: चहा बंद. टीव्ही बंद. राग बंद.

तीच तारीख, संध्याकाळ
चहा घेतला. दूध नासलं असतं.

८ मार्च
आमच्या राजनंदिनीच्या लग्नाची तारीख धरायला शिराळ्याची मंडळी आली. मुलगा ऋषिराज फौजेत, सुट्टी वैशाखातच. पुढं अधिक महिना. मी शांतपणे सांगितलं, वैशाख येणारच नाही. मुलाच्या वडिलांनी विचारलं, मग हॉल बुक करायचा का न्हाई? म्हणालो, हॉलही राहणार नाही. त्यांनी पोह्यांची दुसरी प्लेट संपवली. पुनवेपर्यंत कळवा, न्हाईतर आमी दुसरीकडं बघतो, म्हणाले आणि उठले. राजनंदिनी कप न उचलताच आत गेली. तिची आई, अंजना, त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली ती बराच वेळ आली नाही. आल्यापासून माझ्याशी बोलत नाही. राग बंद असल्यामुळे मीही बोलत नाही.
सत्ययुगात मुली माहेरीच राहतात असं कुठंतरी वाचलंय. सापडलं की दाखवीन.

१४ मार्च
जगच राहणार नाही, मग स्कूटरचं सर्व्हिसिंग कशाला? दुपारी रहिमतपूर रस्त्यावर बंद पडली. घरापर्यंत ढकलत आणली. तप म्हणतात ते हेच. लालासाहेब म्हणाले, गुरुजी, पेट्रोल हाय का बघा. अज्ञानी माणूस.
पेट्रोल नव्हतं.

१९ मार्च, पाडवा
यंदा गुढी नाही, असं जाहीर केलं. अंजनाने उभारली. श्रीखंड घेतलं. सात्त्विक असतं.

२६ मार्च
राजनंदिनी गच्चीत फोन कानाला लावून हळू आवाजात बोलत असते. मधेच हसते. बहुतेक प्रवचन ऐकत असावी.

२ एप्रिल, चैत्री पौर्णिमा
पांढरा सदरा घालून मठात गेलो. पाय ठेवायला जागा नाही. महाराज आमटीच्या पातेल्यापाशी उभे राहून माइकवर सांगत होते, म्या आधीच बोललो व्हतो, पुनवेला लय होणार गर्दी, भांडी जादा आणा. जवळ जाऊन विचारलं, आणि प्रलय? म्हणाले, गुरुजी, आमटी संपली की त्योबी हुईल, बसून घ्या. लालासाहेब म्हणाले, रेकॉर्डिंग करताना अंगठा सुटला गड्या, त्यात काय एवढं.
महाराजांचं संस्कृत कच्चं आहे.
पंगतीत समोर शिराळ्याचे व्याही. त्यांच्या शेजारी अंजना, वाढून घेतेय. तारीख आठ मार्चलाच ठरली होती म्हणे, आमच्या फाटकात. पुनवेपर्यंत ह्यांचं चालू द्या, असं अंजनाने सांगितलं होतं.

३ एप्रिल
राजनंदिनी येऊन बसली. म्हणाली, आप्पा, सगळं जग कशाला बुडवत बसलात? जाऊ नको म्हणायचं होतं नुसतं. मी विचारलं, म्हणालो असतो तर थांबली असतीस? म्हणाली, न्हाई. पण बरं वाटलं असतं.
पत्रिकेचा मजकूर मलाच लिहायला दिलाय. 'आमची कन्या' इथपर्यंत झालाय. पुढची अक्षरं दिसत नाहीत. चष्म्याचा नंबर वाढला असणार.